सांगली-मिरजेच्या कॉलेजांनी मिळून नॅनोविज्ञानाचं संशोधन कसं उभं करावं

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्या, घरचं-दारचं सांभाळून थोडंफार संशोधनही करू पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे गुणवत्तेची वानवा नाही, पण ती विखुरलेली आहे. सांगलीत १९१९ पासूनचं विलिंग्डन आहे, १९४७ पासूनचं वालचंद अभियांत्रिकी आहे. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भोवताली फार्मसी, कृषी आणि विज्ञानाची कितीतरी कॉलेजं आहेत. रिक्षाने किंवा एसटीने तासाभरात पोहोचता येईल एवढ्या टापूत नॅनोविज्ञानाला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या शाखा आहेत. तरी भौतिकशास्त्राचा माणूस पातळ फिल्म करत बसलेला असतो, सूक्ष्मजीवशास्त्राची मॅडम पेट्री डिशमध्ये कुठल्या तरी पानाचा अर्क टाकत असते, आणि दोघांची गाठ फक्त परीक्षेच्या कामाला पडते.

नॅनोविज्ञान एकट्या विभागाला पेलत नाही. १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या कणांत पदार्थाचे गुण बदलतात. कणाचा बराचसा भाग पृष्ठभागावरच येतो, काही पदार्थांत इलेक्ट्रॉनांना हालायला जागा कमी पडते, आणि सोनं लालभडक दिसू लागतं. सोन्याचा हा लाल द्रव मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच अभ्यासला होता. कण बनवायचं काम रसायनशास्त्राचं, मोजायचं भौतिकशास्त्राचं, आणि तो पेशीत किंवा मातीत गेल्यावर काय करतो हे पाहायचं जीवशास्त्राचं. कणाला मात्र हे विभाग माहीत नसतात.

आधी प्रश्न, एमओयू नंतर

आपल्याकडे कॉलेजांच्या सहकार्याचं जाळं उभारायची सुरुवात नेमकी उलट्या टोकाने होते. दोन प्राचार्य शाल-श्रीफळ घेऊन भेटतात, एमओयूवर (सामंजस्य करारावर) सह्या होतात, फोटो निघतो, तो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये लागतो, आणि पाच वर्षं त्या कराराखाली एक टेस्टट्यूबही धुतली जात नाही. करार हवाच, पण तो चौथ्या-पाचव्या महिन्यात. पहिल्या दिवशी हवा एक प्रश्न, ज्यात तीन-चार विभागांना प्रत्येकाचं स्वतःचं काम असेल. 'आम्ही बनवतो, तुम्ही फक्त एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी तपासणी) काढून द्या' हे सहकार्य नव्हे, ती झेरॉक्सची ऑर्डर झाली.

प्रश्न निवडताना तीन गोष्टी पाहा. कच्चा माल इथला आणि जवळपास फुकट असावा. पहिली बॅच साध्या मफल फर्नेस (बंदिस्त विजेची भट्टी) आणि मॅग्नेटिक स्टररवर (चुंबकाने ढवळणाऱ्या यंत्रावर) व्हावी. आणि उत्तर 'नाही' आलं तरी ते छापण्याजोगं असावं.

अमुक पानाच्या अर्काने चांदीचे नॅनोकण बनवायचे आणि ते जिवाणू मारतात हे दाखवायचं, हा विषय शक्यतो टाळा. त्यावर जगभर इतकं लिहून झालंय की आणखी एका झाडाने कुणाच्या ज्ञानात भर पडत नाही. विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून करायला हरकत नाही. द्रव पिवळसर तपकिरी होतो आणि यूव्ही-व्हिजिबलला (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रात) ४२० नॅनोमीटरच्या आसपास पीक, म्हणजे आलेखात शिखर, येतं, मुलं खूश होतात. पण त्यावर पाच माणसांचं जाळं उभं राहत नाही.

मी इथे उसाच्या बगॅसची, म्हणजे चोथ्याची, राख धरून चालतो. जिल्ह्यात कारखाने आहेत, त्यांच्या बॉयलरमधून ही राख ढिगाने निघते, आणि तिच्यात सिलिका (वाळूतलं सिलिकॉन डायऑक्साइड) भरपूर असते. त्यातून नॅनो आकाराची सिलिका काढता येते. रसायनशास्त्राला ती काढायचं काम, भौतिकशास्त्राला ओळखायचं, सिव्हिलवाल्यांना काँक्रीटमध्ये पाहायचं, वनस्पतिशास्त्राला बियाण्यांवर, वैद्यकीय बाजूला ती रक्तपेशींना काय करते ते तपासायचं. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचे नॅनोकण करणं, किंवा द्राक्षावरच्या कीटकनाशकाचा अंश सोन्याच्या कणांच्या रंगबदलावरून ओळखणं, हेही विषय इथल्या मातीतले आहेत. पण त्यांना सुरुवातीलाच महागडी उपकरणं लागतात, म्हणून ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

कुणाकडे काय चालू आहे

दुसरी पायरी म्हणजे यादी. विभागाच्या वेबसाइटवरची यादी घेऊ नका, तिथे दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला सेंट्रिफ्यूजही दिमाखात उभा असतो. विभागप्रमुखांना रीतसर पत्र द्या, पण खरी माहिती लॅब असिस्टंटकडे चहा घेऊन मिळेल: कोणतं यंत्र चालतं, कोणाची दुरुस्ती अडकली आहे, कोणतं चालतं पण किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या सरांकडे आहे. प्रत्येक यंत्रासमोर तीनच रकाने पुरेत: शेवटचं कधी वापरलं, कोण चालवतं, बाहेरच्या माणसाला आठवड्यात कोणता वार मिळेल.

जे जवळ नाही त्यासाठी बाहेर पाहा. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं (कोल्हापूर, सांगली, सातारा) विद्यापीठ आहे, आणि तिथल्या 'सैफ' या प्रगत विश्लेषण उपकरण केंद्रात शुल्क भरून बाहेरच्यांचे नमुने तपासून मिळतात. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ते न जमल्यास आयआयटी मुंबईचं सैफ आहे. देशभरातल्या सरकारी पैशातून घेतलेल्या उपकरणांची यादी आणि बुकिंग 'आय-स्टेम' या पोर्टलवर आहे. ते २०२० मध्ये सुरू झालं आणि आपल्याकडे अजून फारसं वापरलं जात नाही. इलेक्ट्रॉनिक्सकडे झुकणारं काम असेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स सुविधा बाहेरच्या संशोधकांना वापरू देणारा 'आयएनयूपी' कार्यक्रम पाहा. तिथे प्रशिक्षणही मिळतं.

माणसं

चार ते सहा, जास्त नकोत. समन्वयक एकच असावा आणि तो प्राचार्य नसावा, कारण त्यांना वेळ नसतो आणि त्यांच्यासमोर कुणी 'तुमचं रीडिंग चुकलंय' म्हणत नाही. महिन्यातून एकदा बसायचं, दर वेळी वेगळ्या कॉलेजात, आणि बसायचं ते स्टाफरूममध्ये न बसता प्रयोगशाळेत. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या 'ऑनर्स विथ रिसर्च'मुळे आता पदवीची मुलंही प्रकल्पासाठी मिळतात. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक द्या, दोन वेगवेगळ्या विभागांतले. याला थोडा विरोध होईल. रेटा.

पहिली बॅच

या पायरीवर जरा रेंगाळतो, कारण जाळं उपयोगी पडतं की नाही ते इथेच कळतं.

राख कारखान्यातून आणताना ती बॉयलरच्या कुठल्या भागातली आहे ते लिहून घ्या. शेतातली माती उसाबरोबर आली असेल तर राखेत वाळू मिसळलेली असते, आणि एक्सआरडीत ती २६.६ अंशांच्या कोनावर क्वार्ट्झच्या टोकदार पीकने लगेच उघडी पडते. राख चाळून घ्या, ६०० ते ७०० अंश सेल्सियसला काही तास भाजून उरलेला कार्बन घालवा. काळी राख करडी-पांढरी झाली पाहिजे. तापमान उगाच वाढवू नका. फार तापवलं तर सिलिका स्फटिकी होऊ लागते, मग ती अल्कलीत नीट विरघळत नाही. शिवाय स्फटिकी सिलिकेची धूळ फुप्फुसात जाणं धोक्याचं, सिलिकोसिस त्यानेच होतो. चाळताना एन-९५ मास्क घाला, फ्यूमहुड (धूर-वाफ ओढून घेणारं कपाट) नसेल तर राख ओलसर करून हाताळा, आणि सीलिंग फॅन बंद करा. सांगलीच्या उन्हाळ्यात हे शेवटचं सांगणं कुणाला आवडत नाही, तरी सांगतो.

पुढे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन कॅल्शियम, पोटॅशियम, लोह काढा. मग १ ते २ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ८० ते ९० अंशांवर ढवळा. सिलिका विरघळून सोडियम सिलिकेट होतं. हे काम काचेच्या बीकरमध्ये करू नका. गरम अल्कली काच खाते, म्हणजे तुमच्या सिलिकेत बीकरचीही सिलिका येते. पॉलीप्रोपिलीनचं भांडं घ्या. गाळून मिळालेल्या स्वच्छ द्रवात थेंबाथेंबाने आम्ल घाला आणि पीएच ७ वर आणा. पीएच १० च्या खाली उतरला की द्रव दाटू लागतो आणि बघता बघता त्याची जेली होते. ती रात्रभर मुरू द्या, मग मोडून गरम पाण्याने धुवा, वाळवा, कुटा.

आता धुण्याविषयी. आम्ल आणि अल्कली मिळून मीठ होतं, साधं सोडियम क्लोराइड, आणि जेली ते पोटात धरून बसते. मुलं तीनदा धुतात, कंटाळतात आणि ओव्हनमध्ये ठेवतात. पावडर दिसायला अगदी दुधासारखी पांढरी. ती भौतिकशास्त्राकडे जाते, आणि मग तिथले सर आणि रसायनशास्त्राच्या मॅडम यांच्यात असा संवाद होतो:

'मॅडम, एकतीस पॉइंट सातला पीक आहे, पंचेचाळीस पॉइंट चारलाही आहे.'

'सर, म्हणजे सिलिका स्फटिकी झाली?'

'नाही हो. सिलिकेचा बावीस-तेवीसला पसरट उंचवटा आहे, तो बरोबर आहे. हे मीठ आहे.'

'पाच वेळा धुवायला सांगितलं होतं पोरांना!'

पाच हा आकडा निरर्थक आहे. शेवटच्या धुण्याच्या पाण्यातलं थोडं परीक्षानळीत घ्या, सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घाला, मग सिल्व्हर नायट्रेट. पांढुरकं झालं की क्लोराइड आहे, पुन्हा धुवा. नायट्रिक आम्ल विसरलात तर कार्बोनेट किंवा अल्कलीमुळेही गढूळ दिसेल आणि तुम्ही उगाच धूत बसाल. गंधकाम्ल वापरलं असेल तर हीच चाचणी बेरियम क्लोराइडने करा. बारावीच्या प्रॅक्टिकलमधली ही गोष्ट पीएचडीच्या कामात किती जण गाळतात ते पाहून नवल वाटतं.

मिठाची एवढी काळजी का? ही पावडर पुढे वनस्पतिशास्त्राकडे जाणार आहे. बियाणं उगवलं नाही तर तिथे लिहिलं जाईल, 'नॅनो सिलिका उगवणीला घातक'. आणि घातक असेल ते मीठ. तिघं वेगवेगळी कामं करत असते तर ही चूक छापून आली असती.

नमुना पाठवताना

प्रत्येक कुपीबरोबर एक कार्ड जावं. त्यावर बॅच क्रमांक, तारीख, राख कुठली, भाजल्याचं तापमान आणि वेळ, शेवटच्या धुण्याची चाचणी, वाळवल्याचं तापमान, बनवणाऱ्याचं नाव, आणि काय तपासायचं व का. हा 'का' सर्वात महत्त्वाचा. 'एक्सआरडी' एवढंच लिहिलं तर यंत्र चालवणारा आपल्या सवयीने स्कॅन लावेल. 'मीठ राहिलंय का आणि क्वार्ट्झ आहे का ते पाहायचंय' असं लिहिलं तर तो १० ते ८० अंश सावकाश चालवेल.

बॅच क्रमांकात विद्यार्थ्याचं नाव घालू नका. 'प्रियांका-२-नवीन-फायनल' या नावाच्या कुपीचं तीन वर्षांनी काय करायचं ते कुणाला कळत नाही. कारखाना, वर्ष, क्रमांक एवढं पुरे.

पावडर एक्सआरडीसाठी साधारण अर्धा ग्रॅम असलेली बरी. एकाच बॅचचे तीन भाग करा: एक तपासणीला, एक जीवशास्त्राला, एक राखीव. राखीव भाग कुणालाही द्यायचा नाही, कितीही गयावया केली तरी.

पावसाळ्यात एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणारी तपासणी) जपून. नमुना ज्यात मिसळून दाबतात ती पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी जून ते सप्टेंबरमध्ये डोळ्यांदेखत धूसर होते, आणि आलेखात ३४०० व १६३० सेंमी⁻¹ च्या आसपास पाण्याचे पट्टे येतात. सिलिकाही तिथेच पाणी दाखवते. मग ते पाणी कणांचं की ब्रोमाइडचं, हे कुणी सांगायचं? ब्रोमाइड ओव्हनमध्ये वाळवून घ्या, त्याची मोकळी गोळी करून तिचाही आलेख काढा, किंवा एटीआर (गोळी न करता मोजायची सोय) असलेलं यंत्र शोधा. सिलिकेची खरी ओळख ११०० च्या आसपासच्या रुंद पट्ट्याने आणि ८०० व ४७० च्या पट्ट्यांनी पटते.

कोणती तपासणी आधी

स्वस्त आधी, महाग नंतर. क्लोराइड चाचणी, मग एक्सआरडी, मग एफटीआयआर. यात पास झालेली बॅचच एसईएमला (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला), आणि त्यातली निवडक टीईएमला (कणाच्या आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला). नापास पावडरीचे सुंदर फोटो काढण्यात पैसा घालवू नका.

एक गफलत सर्रास आढळते. कणाचं माप काढायला शेररचं समीकरण वापरतात: ०.९ गुणिले क्ष-किरणांची तरंगलांबी, भागिले पीकची रुंदी आणि कोनाचा कोसाइन. झिंक ऑक्साइडसारख्या स्फटिकी पदार्थाला ते चालतं, आणि तिथेही स्फटिकखंडाचं माप मिळतं, कणाचं नव्हे. यंत्रामुळे आलेली रुंदी आधी वजा करावी लागते. पण अस्फटिकी सिलिकेच्या पसरट उंचवट्याला शेरर लावून 'कण दीड नॅनोमीटरचा' असं लिहिणं म्हणजे शुद्ध थाप. असा पेपर जाळ्यातून बाहेर जाऊ देऊ नका.

दुसरा गोंधळ डीएलएसचा, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून द्रवातल्या कणांचं माप काढणाऱ्या तंत्राचा. तिथे माप दोन-तीनशे नॅनोमीटर येतं आणि टीईएममध्ये वीस-तीस. दोन्ही बरोबर असू शकतं. टीईएममध्ये एकेक कण दिसतो, डीएलएस द्रवात एकत्र चिकटलेला गठ्ठा मोजतं, भोवतीच्या पाण्याच्या थरासकट. जीवशास्त्राच्या माणसाला डीएलएसचा आकडा जास्त कामाचा, कारण मुळाला किंवा पेशीला भेटणार तो गठ्ठाच. म्हणून हे मोजमाप ज्या द्रवात जीवशास्त्राचा प्रयोग होणार त्याच द्रवात करा, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नको.

बियाणं, जिवाणू, रक्त

बियाण्यांच्या प्रयोगात एकच कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) ठेवला तर निष्कर्षाला अर्थ नाही. साधं पाणी, शेवटच्या धुण्याचं पाणी, तेवढ्याच मात्रेची जाडी सिलिका, आणि जमल्यास सौम्य मिठाचं पाणी, असे चार ठेवा. मूग झटपट उगवतो म्हणून सरावाला बरा. खऱ्या प्रयोगाला आपल्याकडची शाळू ज्वारी घ्या, गवतवर्गातली पिकं सिलिका जास्त शोषतात.

जिवाणूंवर किंवा पेशींवर काम करायचं असेल तर पावडर कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करा. द्रवात मिसळून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केलं तर कण आणखी चिकटू शकतात.

मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाताना घाई नको. माणसाचं रक्त, मग ते एक मिलिलिटर का असेना, संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय घ्यायचं नाही. प्राण्यांवरच्या कामाला वेगळी नोंदणीकृत समिती असते. समितीची बैठक रोज होत नाही, म्हणून अर्ज पहिली बॅच तयार व्हायच्या आधीच टाका. अस्फटिकी सिलिका लाल रक्तपेशी फोडू शकते हे माहीत असलेलं आहे. तेव्हा तुमचा प्रश्न 'फोडते का' असा नसावा. 'किती मात्रेला, आणि पृष्ठभागावर लेप दिला तर किती कमी' असा असावा. शेतीच्या दिशेने माल न्यायची स्वप्नं पडू लागली तर जैवतंत्रज्ञान विभागाची २०२० ची नॅनो कृषी-निविष्ठांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा.

कागदपत्रं

आता करार. पण त्याआधी सहा जणांनी सही केलेलं एक पान: लेखकांत नाव कुणाचं आणि कोणत्या क्रमाने, मूळ डेटा कुठे ठेवायचा, कुणी मधेच सोडून गेलं तर त्याचं काम कुणाचं. नुसतं शुल्क घेऊन रीडिंग काढून दिलेल्याचे आभार मानायचे, लेखकांत घालायचं नाही. रीडिंगचा अर्थ लावून प्रयोगाची दिशा बदलली असेल तर तो लेखक. हे सुरुवातीला बोलताना अवघड वाटतं, पेपर स्वीकारला गेल्यावर बोलणं त्याहून दसपट अवघड.

पेटंटची शक्यता वाटत असेल तर अर्ज आधी, पेपर आणि परिषदेतलं पोस्टर नंतर. जाहीर झालेल्या गोष्टीला साधारणपणे पेटंट मिळत नाही. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे 'परवडत नाही' ही सबब फारशी टिकत नाही.

पैसा

पहिल्या वर्षाचा खर्च रसायनं, प्रवास आणि तपासणी शुल्क एवढाच असतो. तो विद्यापीठाच्या छोट्या योजनांतून आणि संस्थेच्या सीड मनीतून भागतो. मोठ्या प्रस्तावाची घाई नको. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. केंद्रात २०२३ च्या कायद्याने आलेलं एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आहे, त्यांच्या 'पेअर' योजनेत एक मोठी संस्था केंद्रस्थानी आणि भोवती इतर, अशी रचना असते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचं नॅनो मिशन २००७ मध्ये सुरू झालं, त्यातून देशातल्या मोठ्या संस्थांत बरीच उपकरणं आली. ती आता तुम्ही स्लॉट घेऊन वापरायची आहेत. प्रस्तावात नवं एक्सआरडी मागण्याऐवजी तीन वर्षांचे तपासणी शुल्क आणि एक तंत्रसहायक मागा. यंत्र मिळतं, त्याची वार्षिक देखभाल मिळत नाही, आणि चालवणारा तर मिळतच नाही.

साठवण आणि कचरा

राखीव नमुने, हार्ड डिस्क आणि वह्या तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. डेटाची एक प्रत सांगलीबाहेर असावी. मफल फर्नेसचा लांब कार्यक्रम लावण्याआधी महावितरणचं देखभालीचं वेळापत्रक पाहा, कारण मधेच वीज गेलेल्या बॅचला 'तीन तास भाजली' असं लिहिता येत नाही. आम्ल-अल्कलीचं सांडपाणी उदासीन करून सोडा. चांदी किंवा इतर धातूंचे कण असलेलं पाणी मात्र वेगळ्या कॅनमध्ये साठवा, ते बेसिनमध्ये ओतायचं नाही.

जाळं वाढवताना

वर्षभरात दोन-तीन बॅचेस सगळ्या विभागांतून फिरून आल्या की कऱ्हाड आणि साताऱ्याकडे हात पुढे करा. कऱ्हाडला १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी आहे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची कॉलेजं एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील समूह विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे तिथे विभागांना आपसात काम करायची रीत आधीच पडलेली आहे. नवं कॉलेज घेताना हारतुरे नकोत. राखीव ठेवलेल्या जुन्या बॅचमधला अर्धा ग्रॅम त्यांच्याकडे पाठवा, कार्डावर माप आणि निष्कर्ष न लिहिता, आणि त्यांना त्यांच्या पद्धतीने तपासू द्या. तुमचे-त्यांचे आकडे जुळले तर पुढची राख त्यांच्या भागातल्या कारखान्यातून आणा. जुळले नाहीत तर दोन्हीकडच्या मुलांना एका प्रयोगशाळेत बसवा आणि तीच पावडर पुन्हा एकदा, पहिल्या धुण्यापासून, एकत्र करायला लावा.